भंडारदऱ्याला जाताय? आधी पाणी कुठून येतं ते बघा

ऑगस्टमधल्या कुठल्याही शनिवारी साम्रदच्या रस्त्यावर गाडीची काच खाली होते आणि प्रश्न येतो, "दादा, सांधण दरी कुठून?" दादा नुसती मान हलवतात. त्या दिवसांत दरीतून ओढा वाहत असतो. मग डिसेंबरात दुसरी मंडळी रंधा धबधब्याच्या कठड्याला टेकून खालच्या कोरड्या कातळाकडे बघत उभी असतात. फोटोत एवढं पाणी होतं ते गेलं कुठे?

दोन्हीकडे चूक एकच. भंडारदरा परिसर एका फेरीत "करून टाकायचा" म्हणून लोक येतात. इथलं प्रत्येक ठिकाण पाण्यावर चालतं आणि प्रत्येकाचं पाणी वेगळ्या वाटेने येतं. काही धबधबे धरणाच्या दारावर अवलंबून, काही थेट आभाळावर. सांधणीला पाणी नको, कड्यावरच्या उलट्या धबधब्याला पाणी थोडं पण वारा भरपूर हवा. हे लक्षात ठेवून तारीख ठरवली तर निराशा निम्मी कमी होते.

आधी नकाशा डोक्यात बसवू. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. मधोमध भंडारदरा धरणाचा जलाशय आणि त्याच्याभोवती एक गोल रस्ता: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत धरणाची भिंत. सगळा मिळून ४०-४५ किलोमीटर. कागदावर तासाभराचा, पण पावसाळ्यात नुसत्या चालवण्याचे दोन तास धरा. साम्रद ते रतनवाडी हा टप्पा सगळ्यात खराब. डांबर जाऊन खडी उघडी पडते आणि वळणावरच्या मोऱ्यांवरून पाणी वाहतं. बसकी गाडी असेल तर भर जुलैत हा टप्पा सोडा. घाटघरपर्यंत जाऊन मागे फिरा आणि रतनवाडीला दुसऱ्या बाजूने या.

मुंबईहून येणारे कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे घोटीला वळतात. लोकलने आलात तर कसाऱ्याला उतरून पुढे जीप. पुण्याकडून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे घोटीला किंवा राजूरलाच घ्या. जलाशयाच्या मागच्या अंगाला नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं आहे. नाक्यावर पावती फाडावी लागते. ती शेवटपर्यंत खिशात ठेवा, पुढच्या नाक्यावर पुन्हा विचारतात.

आता पाणी.

धरणाचं नाव विल्सन बंधारा. प्रवरा नदीवरची ही दगडी भिंत १९१० ते १९२६ या काळात बांधली गेली. जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. धरण बांधलं ते खालच्या शेतीसाठी. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊसपट्टा याच पाण्यावर उभा राहिला. त्यामुळे पाणी कधी सोडायचं हे सिंचन आणि वीज यांच्या गरजेवर ठरतं, पर्यटकांच्या सुट्टीवर नाही. अम्ब्रेला आणि रंधा हे दोन प्रसिद्ध धबधबे सर्वस्वी या सोडण्यावर चालतात.

अम्ब्रेला धरणाच्या पायथ्याशी आहे. भिंतीतल्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुटलेलं पाणी एका गोलसर कातळावर पडतं आणि चहूबाजूंनी पसरून छत्रीसारखं खाली येतं. विमोचक बंद असेल तर तिथे फक्त ओला दगड असतो. गंमत अशी, की उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असेल तर भर मे महिन्यातही हा वाहतो, आणि जुलैच्या मुसळधार पावसात धरण भरायचं असतं म्हणून कधीकधी बंद असतो. पाऊस बघून जाणारे इथेच फसतात.

रंधा राजूर-शेंडी रस्त्यावर, शेंडीच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर. उंची सुमारे १७० फूट. प्रवरा इथे एका अरुंद घळईत उडी घेते. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. एरवी धरणातून सुटलेलं पाणी कोदणीच्या वीजघराकडे वळवलं जातं, त्यामुळे धबधब्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. रंधा खऱ्या अर्थाने बघायचा तर धरण भरून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेवरून, पाणी सुटलेलं असायला हवं. बऱ्याच वर्षी धरण पंधरा ऑगस्टच्या आगेमागे भरतं. त्या सुमारास स्थानिक बातम्यांमध्ये रोज दोन आकडे येतात: साठा किती दशलक्ष घनफूट आणि विसर्ग किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. साठा साडेदहा हजारांच्या वर गेला आणि सांडव्यातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंधा गाठा. हा आकडा न बघता निघणं म्हणजे वेळापत्रक न बघता स्टँडवर जाऊन बसणं.

विसर्ग मोठा असताना नदीपात्रात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. वर पाऊस नसतानाही दार उघडलं की पातळी चढते. ऊन पडलंय, आभाळ निळं आहे, म्हणून पात्र सुरक्षित असं गणित इथे बसत नाही.

पावसावर चालणारे धबधबे वेगळे. रतनवाडीच्या अंगाला नेकलेस आणि न्हाणी, आणि पांजरे ते साम्रद या पट्ट्यात कड्यांवरून सुटणाऱ्या बिननावाच्या शेकडो धारा. माझ्या मते नाव असलेल्यांपेक्षा या बिननावाच्याच जास्त देखण्या आहेत, आणि तिथे मक्याचं कणीस विकणारी टपरीही नसते. यांचं पाणलोट क्षेत्र अगदी छोटं, वरचा एखादा सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळी पठार, किंवा डोंगराची एखादी कूस. त्यामुळे पाऊस सुरू झाला की तासाभरात फुगतात आणि थांबला की चार-सहा तासांत करंगळीएवढे होतात. आठवडाभराच्या उघडिपीनंतर जाऊ नका. दोन दिवस सलग पाऊस झालेला असावा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जोर उतरलेला असावा. साधारण १० जुलै ते ऑगस्टअखेर असे दिवस बरेच मिळतात. सप्टेंबरात धारा बारीक होतात, पण धुकं फाटतं आणि सडे सोनकीच्या फुलांनी पिवळे होतात. फोटो काढणाऱ्यांनी तो महिना धरावा.

धबधब्याखाली उभं राहण्याची हौस सगळ्यांना असते, म्हणून इथला दगड समजून घ्यायला हवा. सह्याद्री म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. कुठल्याही कड्याकडे लांबून बघा, आडवे पट्टे दिसतात. काही थर घट्ट काळ्या बेसॉल्टचे. त्यांना उभ्या भेगा जातात आणि ते ताशीव कडे बनून उभे राहतात. काही थर सच्छिद्र, फोडफोड. त्यांच्या भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात आणि ते लवकर झिजतात. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी, गेरूसारखा मऊ पट्टा असतो. धबधब्याचा वरचा ओठ घट्ट थराचा आणि त्याच्या खालचा थर मऊ. तुषारांनी मऊ थर आत खात जातो, मागे पोकळी होते, वरचा ओठ आधाराशिवाय बाहेर लोंबतो, आणि एक दिवस उभ्या भेगेवर तुटून कोसळतो. धबधब्याच्या पायथ्याशी पडलेले फ्रिजएवढे धोंडे कुठून आले याचं उत्तर हेच. लहान दगड तर धारेबरोबर रोज येतात. धारेखाली डोकं धरू नका. धार पडते तिथून तिच्या उंचीच्या निम्मं तरी अंतर ठेवून खालच्या उथळ पाण्यात बसा. भिजायचं तेवढं भिजताच.

ओढा ओलांडायची वेळ रतनगडाच्या वाटेवर हमखास येते. पाणी गुडघ्याखाली असेल आणि तळ दिसत असेल तरच उतरायचं. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून तोंड वरच्या दिशेला करायचं, आणि काठी व दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पडलात तर पिशवी झटकता येते. बूट काढायचे नाहीत. अनवाणी पाय गोट्यांवर घसरतो आणि बोटं दगडांत अडकतात. वाहत्या पाण्याचा रंग अचानक चहासारखा झाला, किंवा पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, की वर कुठेतरी पाऊस कोसळलाय. ज्या काठावर असाल तिथेच थांबा. हे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात. तासभर थांबण्याची तयारी नसणं, अपघाताचं मूळ बहुतेक वेळा तेवढंच असतं.

घाटघर. अकोले तालुक्याच्या पूर्वेकडे पावसाची वाट बघावी लागते आणि पश्चिम टोकाच्या या गावात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. ढग कोकणातून येऊन या कड्याला पहिली धडक देतात, आणि इथे रिकामे होऊन पुढे जातात. कड्याच्या धारेवर उभं राहिलं की समोर थेट कोकण, खाली शहापूर तालुक्यातली गावं. इथल्या जागेलाही कोकणकडाच म्हणतात, त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा समजून येणारे बरेच. तो अर्धवर्तुळाकार, आत वळलेला प्रचंड कडा वेगळा, त्याला वेगळी चढाई आणि वेगळा दिवस लागतो. घाटघरच्या कड्यापाशी जवळपास गाडीने पोचता येतं. घाटघरला जलविद्युत प्रकल्पही आहे, २५० मेगावॉटचा. मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर उपसून ठेवायचं आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज काढायची. कड्याच्या उंचीचा असा उपयोग करणारी जागा बघताना हे माहीत असलेलं बरं.

जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावर धुकं असणारच. दहापैकी सात वेळा पांढरी भिंत दिसते. पण धुकं सतत सरकत असतं. अर्धा तास थांबलात तर मिनिट-दोन मिनिटं पडदा फाटतो. लोक पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसतात आणि "काही दिसलं नाही" म्हणतात. ऑक्टोबरनंतर मात्र वेळेचं गणित प्रकाशाचं होतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, कोकण स्वच्छ दिसतं, पण कड्याचा दगड सावलीत असतो. दुपारी तीननंतर दगडावर ऊन येतं, थर आणि भेगा उठून दिसतात, मात्र लांबचं धुरकट होतं. दरी बघायची तर सकाळी आठ ते दहा, कडा बघायचा तर चार वाजता. आणि सकाळी खाली ढग भरलेले असताना सूर्य मागून आला तर ढगावर स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसू शकतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ठरवून दिसत नाही.

उलटा धबधबा याच पट्ट्यात, घाटघर-साम्रदच्या कड्यांवर. कोकणातून येणारा वारा उभ्या भिंतीवर आपटतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि काठावरून पडणारी बारीक धार तो उचलून मागे फेकतो. धार मोठी असेल तर वाऱ्याला ती उचलत नाही. म्हणून हा खेळ बघायला पाणी बेताचं आणि वारा जोराचा हवा. तुफान पावसाच्या दिवशी तो दिसेलच असं नाही, जोराच्या सरीनंतर वारा टिकून असताना दिसतो. इथे छत्री आणू नका. वारा छत्रीसकट माणसाला ओढतो. रेनकोटची टोपी गळ्याशी बांधलेली, बस्स.

काठाबद्दल एकच, पण नीट वाचा. पावसाळ्यात कड्याच्या टोकावरचं गवत काठाच्या बाहेर वाढतं. वरून हिरवी सपाट जमीन दिसते, पण शेवटच्या दोन-तीन फुटांखाली दगड नसतो, मुळांनी धरलेली ओली माती असते. बघायचंच असेल तर उघडा कातळ शोधा, त्यावर पालथं झोपा आणि डोकं पुढे काढा. पाय मागून कोणीतरी धरलेले असावेत. उभं राहून वाकायचं नाही, आणि सेल्फीसाठी दरीकडे पाठ करून मागे सरकायचं तर मुळीच नाही.

आता सांधण. कोणी सांदणही म्हणतात. साम्रद गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की जमिनीला चीर पडावी तशी घळ सुरू होते. लांबी साधारण दोन किलोमीटर, भिंती २०० ते ३०० फूट. कुठे बैलगाडी जाईल एवढी रुंदी, कुठे दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. घट्ट बेसॉल्टमधल्या उभ्या भेगांच्या ओळीने पाणी शिरत गेलं आणि भेग रुंदावत गेली, असं तिचं घडणं. भिंतींवर पाण्याने घासून केलेले गुळगुळीत खोलगट भाग अजून दिसतात. अशाच घासण्यातून झालेले रांजणखळगे याच जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत, ते बघितलेल्यांना सांधणीच्या भिंती लगेच ओळखू येतील.

हंगाम: ऑक्टोबरच्या मध्यानंतर ते मेच्या मध्यापर्यंत. आत दोन ठिकाणी पाणी साचलेलं असतं. पहिलं साधारण गुडघा ते मांडी, दुसरं जास्त खोल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसऱ्यात छातीपर्यंत पाणी लागू शकतं, जानेवारी-फेब्रुवारीत कमरेपर्यंत येतं, एप्रिल-मेमध्ये अगदी थोडं उरतं. ऊन खालपर्यंत पोचत नाही म्हणून पाणी बर्फासारखं. मोजे काढून बूट तसेच घाला, पलीकडे गेल्यावर कोरडे मोजे चढवा. मोबाइल, पाकीट आणि मोजे जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक. लहान मुलं बरोबर असतील तर फेब्रुवारीनंतरच या. पाण्यापेक्षा जास्त वेळ धोंडे खातात. दरीचा तळ म्हणजे वरून पडलेल्या दगडांची रास. मोठे धोंडे बसलेले असतात, खुर्चीएवढे मधले डुगडुगतात. पाय ठेवण्याआधी टाच दाबून बघा, आणि दोन धोंड्यांच्या फटीत पाय जाऊ देऊ नका. इथे मोडतात ते घोटेच.

सकाळी आठला मुखाशी असाल असं बघा. मुखाजवळ पिण्याचं पाणी मिळतं, पण उन्हाळ्याच्या अखेरीस त्यावर विसंबू नका, माणशी तीन लिटर गावातूनच भरून न्या. रमत गेलं तर पहिल्या मोठ्या उतारापाशी पोचायला दीड-दोन तास, परतीलाही तेवढेच. दुपारच्या तासाभरात ऊन थेट तळाला येतं आणि भिंती उजळतात. तो वेळ आत असण्यासारखा आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी वळवाचे ढग जमतात. डोक्यावर आभाळाची फीत दिसते तेवढीच, ढग कुठून आले ते आतून कळत नाही. गडगडाट ऐकला की मागे फिरा. घळीत पाणी शिरलं तर बाजूला चढायला जागा नसते.

आवाज कमी. भिंतींवर आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, फवारे आणि आरोळ्या यांनी ती उठतात, आणि अरुंद जागेत पळायला दोनच दिशा. घळीच्या आत तंबू ठोकू नका. रात्री वरून वटवाघळं, माकडं, वारा यांनी दगड सुटतात. मुखाजवळच्या माळावर लोक राहतात, पण तिथेही घळीतून येणारा वारा नळीतून फुंकल्यासारखा लागतो. तंबूचं दार गावाकडे करा.

पहिला उतार ४०-४५ फुटांचा. बहुतेकांनी इथून मागे फिरावं आणि त्यात काही कमी समजू नये. पुढे दोर लावून उतरलं की परत वर येता येत नाही. तळ गाठायचा, मग करोली घाटाने साम्रदला चढायचं किंवा देहेण्याला उतरून डोळखांब, आसनगाव गाठायचं. सगळा मिळून दोन दिवसांचा खेळ. करोली घाटातून बाण सुळका जवळून दिसतो, तो या वाटेचा खरा मोबदला. कुठल्या ग्रुपबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: दोर किती आधारांना बांधता? उतरणाऱ्याला सुरक्षेचा दुसरा दोर असतो का? हेल्मेट प्रत्येकाला का पाळीपाळीने? एका दिवशी किती जण उतरवता? पन्नास जण असतील तर शेवटचा माणूस अंधारात उतरणार, साधा हिशेब आहे. दुसऱ्या दोराचं उत्तर टाळलं तर त्या ग्रुपला नमस्कार करा.

रतनगड (१२९७ मीटर) दोन बाजूंनी. रतनवाडीहून जंगलातली लांब वाट, ओढे ओलांडत, तीन-साडेतीन तास. एका ठिकाणी फाटा लागतो: सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे आणि हरिश्चंद्रगडाकडे, उजवीकडे रतनगड. धुक्यात हा फाटा हमखास चुकतो. त्यानंतर लोखंडी शिड्या आणि गणेश दरवाजा. शिडीवर एका वेळी एकच माणूस, हाताची पकड बाजूच्या दांड्यांवर. रविवारी अकराच्या सुमारास शिडीखाली रांग लागते, म्हणून पायथा सहाला सोडा. साम्रदहून येणारी वाट खुट्याच्या सुळक्याजवळून त्र्यंबक दरवाजाला भिडते. तिकडच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, उंच आणि एका बाजूला दरी. कोरड्या दिवसांत साम्रदहून चढून रतनवाडीला उतरावं, पावसात दोन्ही वेळा रतनवाडीच.

माथ्यावर सगळ्यात वर नेढं. सुईच्या नेढ्यासारखं आरपार भोक, म्हणून ते नाव. धबधब्यामागची पोकळी आणि हे भोक यांचं कारण एकच: वर घट्ट थर, खाली मऊ. अरुंद धारेवरचा मऊ थर दोन्ही बाजूंनी झिजत गेला आणि मध्ये भेटला. आत पंधरा-वीस जण बसू शकतात, पण वाऱ्याला टोपी हातात धरावी लागते. इथून अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, कात्राबाई, आजोबा असा डोंगर-किल्ल्यांचा सगळा दरबार दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरातली सकाळ उत्तम.

खाली रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ चुकवू नका. काळ्या दगडात कोरलेलं, शेजारी कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी त्याखाली जाते. प्रवरा याच रतनगडावर उगम पावते, तेव्हा पाण्याचा माग काढत आलेल्याला हे ठिकाण नेमकं शेवटी येतं.

कळसूबाईबद्दल थोडक्यात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, पायथा बारी. वाट मळलेली, शिड्या आणि रेलिंग आहेत, चुकायला जागा नाही. गर्दीच एवढी असते की शनिवार-रविवार टाळणं हाच सल्ला. काजव्यांसाठी मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की ते चमकू लागतात, मोठा पाऊस लागला की संपतात. गाडीचे दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च बंद, झाडापासून दहा पावलं लांब. नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच शोधतात, आपला उजेड पडला की त्यांचं बोलणं तुटतं.

राहणं-जेवणं शेंडीला हॉटेलात, पण साम्रद, रतनवाडी, घाटघरला घराघरात सोय होते. ही गावं मुख्यतः महादेव कोळी समाजाची. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात. भात काळभाताचा आहे का ते विचारा. तूस काळपट, तांदूळ सुवासिक, आणि तो आता थोड्याच शेतांत लावतात. जेवण आयत्या वेळी मागू नका. जुलैत घरची माणसं आवणीला, म्हणजे भातलावणीला, असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला. उद्या दुपारचं जेवण हवं असेल तर आज रात्रीच माणसं मोजून सांगायचं, आणि दरीतून परतायला उशीर होणार असेल तर तेही. तांदळाची भाकरी गार झाली की वातड होते, मग ती चांगली लागली नाही ही तक्रार यजमानीणबाईंकडे करू नये.